फक्त तोंडावाटे हवा देणारा सीपॅप मास्क – सवय कशी करावी?

रानजाई

वडिलांसाठी विचारते आहे. वय ६४. झोपेत घसा मिटून श्वास अडतो (स्लीप अ‍ॅप्निया). स्लीप स्टडीत (झोपेच्या तपासणीत) एएचआय, म्हणजे तासाला श्वास अडण्याचे प्रसंग, ३८ आला, म्हणून गंभीर गटात. घसा उघडा राहावा म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन सांगितलंय, त्याचा दाब १० (सेंटीमीटर पाणी) वर ठरवून दिला आहे. नाकाचं हाड वाकडं, उजवी नाकपुडी जवळजवळ बंद. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असल्याने नाकाचं ऑपरेशन सध्या पुढे ढकललंय. नाकाच्या मास्कने पुरेशी हवा जात नाही आणि नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कमध्ये जीव घुसमटतो. म्हणून डॉक्टरांनी फक्त तोंडात बसणारा मास्क वापरून बघायला सांगितलं आहे.

माहीतगारांनी कृपया सांगा : घसा कोरडा पडतो त्यावर काय करायचं? लाळ गळते ती थांबते का? आणि हवा नाकातून बाहेर पडायला लागली तर? सवय व्हायला साधारण किती दिवस धरावेत?

पिंपळपान

आधी मास्क बसतो कसा ते समजून घ्या, निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात. या मास्कला सिलिकॉनच्या दोन पाकळ्या असतात. आतली पाकळी ओठ आणि दात यांच्या मधल्या जागेत सरकवायची असते, ती दातांनी चावायची नसते. बाहेरची पाकळी ओठांवर बाहेरून टेकते. या दोघींच्या चिमट्यात ओठ राहतात आणि हवा अडते. मधल्या तोटीतून हवा थेट तोंडात येते. फिशर अँड पायकल कंपनीचा ओरॅकल हा याच पद्धतीचा. आता तो सहज मिळत नाही, त्यामुळे जो हातात येईल त्याचं माहितीपत्रक नीट वाचा आणि सुटे भाग मिळतील ना, ते विकत घेण्याआधीच विचारून ठेवा.

बसवायचा क्रम असा. ओठ पाण्याने ओले करा. आधी खालचा ओठ बोटाने पुढे ओढून पाकळीची खालची कड आत सारा, मग वरचा ओठ उचलून वरची कड. एक बोट ओठांवरून कडेकडेने फिरवा. पाकळी कुठे दुमडली असेल तर तिथे उंचवटा लागतो. त्यानंतर बाहेरची पाकळी ओठांवर दाबून बसवा आणि पट्टे सगळ्यात शेवटी.

पट्टे बसून आवळू नयेत. आडवं व्हायचं, मशीन ठरलेल्या दाबावर चालू करायचं आणि मग आवळायचे. आडवं झालं की गाल आणि जबडा मागे सरकतो, त्यामुळे बसून घेतलेलं माप झोपल्यावर चुकतं. आणि आवळायचं तेही हवा थांबेपर्यंतच. त्यापुढे आवळलं तर पाकळी चपटी होऊन कडेला सुरकुती पडते आणि गळती उलट वाढते. नवीन माणसं नव्वद टक्के वेळा इथेच चुकतात.

सवयीसाठी पायऱ्या :
पहिले दोन-तीन दिवस नळी न जोडता नुसता मास्क घालून संध्याकाळी टीव्हीसमोर १५-२० मिनिटं बसवा. मग नळी जोडून, मशीन ४ च्या दाबावर, बसूनच. मग तेच आडवं होऊन. मग दुपारच्या झोपेला. त्यानंतर रात्री. एखाद्या पायरीवर घाबरायला झालं तर एक पायरी मागे यायचं. मास्क काढून फेकावासा वाटण्याआधीच शांतपणे काढायचा, म्हणजे मेंदू त्याची धास्ती धरत नाही.

चंद्रभागा

रानजाई, दुकानात मागताना एक काळजी घ्या. "झोपेचा माउथपीस" म्हटलं की बऱ्याचदा खालचा जबडा पुढे ओढून धरणारं दातांचं उपकरण दाखवतात. ते वेगळं. त्याला मशीन नसतं, ते दातांच्या मापाने बनवून घ्यावं लागतं आणि मुख्यतः सौम्य ते मध्यम आजारासाठी, म्हणजे एएचआय ५ ते ३० पर्यंत देतात. ३८ ला डॉक्टरांनी सीपॅप सांगितलंय तर सीपॅपचाच मास्क घ्या.

दवबिंदू

घसा कोरडा पडण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण तोंडाचा मास्क टिकतो की कपाटात जातो हे दमटपणावरच ठरतं.

फुप्फुसात पोचेपर्यंत हवा ३७ अंशाला आणि पूर्ण ओलसर व्हावी लागते. म्हणजे दर लिटरमागे ४४ मिलिग्रॅम पाणी. एरवी हे काम मुख्यतः नाक करतं आणि उच्छ्वासात त्यातलं बरंचसं पाणी परतही घेतं. तोंडाला ते जमत नाही. आता खोलीतली हवा काय देते बघा. एसी २४ अंशावर, दमटपणा ४५ टक्के : लिटरला जेमतेम १० मिलिग्रॅम. मुंबईत पावसाळ्यात २८ अंश आणि ८० टक्के : सुमारे २२. नागपुरात मे महिन्यात ४२ अंश आणि १५ टक्के : ८ च्या आसपास. नागपुरातच डिसेंबरच्या रात्री १२ अंश आणि ६० टक्के : ६ च्या थोडं वर. मधली तफावत ह्युमिडिफायरने (हवा ओलसर करणाऱ्या, मशीनला जोडलेल्या पाण्याच्या भांड्याने) कमी करायची, नाहीतर ती ओलावण जीभ-घशातूनच जाते.

म्हणून तोंडाच्या मास्कला गरम ह्युमिडिफायर पाहिजेच, ती ऐच्छिक गोष्ट नाही. नाकाच्या मास्कला त्याचा आकडा ८ पैकी ३-४ वर ठेवून भागतं, इथे ६ पासून सुरुवात करा. शक्य असेल तर आतून तापणारी नळी घ्या. साध्या नळीत गरम दमट हवा थंड होते आणि पाणी साचतं. गुडगुड असा आवाज येतो आणि पहाटे तोंडावर थेंब उडतात. तापणारी नळी नसेल तर नळीला कापडी खोळ घाला, नळी पांघरुणाखालून घ्या आणि मशीन पलंगाच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे साचलेलं पाणी तोंडाकडे न येता मागे उतरतं. पंखा थेट नळीवर नको.

सुलभा_वऱ्हाड

दवबिंदू, आमच्याकडे मे महिन्यात कूलर चालू असतो. मग आकडा कमी ठेवायचा का?

दवबिंदू

सुलभाताई, हो, एक-दोनने कमी चालेल. कूलरच्या खोलीतली हवा चांगलीच ओली असते. पण कूलरचा झोत मशीनच्या मागच्या जाळीवर येऊ देऊ नका. टाकीतल्या शिळ्या पाण्याचे तुषार फिल्टरवर बसतात. फिल्टर ओलसर दिसला तर लगेच बदलायचा, वाळवून पुन्हा लावायचा नाही.

निशिगंध

पाणी कोणतं? गॅरेजमध्ये बॅटरीचं पाणी मिळतं ते डिस्टिल्डच असतं ना? स्वस्त पडतं.

पिंपळपान

ते घेऊ नका. त्यातले क्षार काढलेले असतात, पण ते श्वासासाठी भरलेलं नसतं आणि कॅन कुठे, कसा भरला याची खात्री नसते. औषधांच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर म्हणून मागा.

इन्व्हर्टरवाला

पिंपळपान, तालुक्याच्या गावी रोज डिस्टिल्ड मिळतंच असं नाही. अशा वेळी आरओचं पाणी उकळून गार करून वापरावं, काही बिघडत नाही.

पिंपळपान

अडीअडचणीला चार दिवस ठीक आहे. पण आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात आणि उकळल्याने ते जात नाहीत. भांड्याच्या तळाच्या धातूच्या पत्र्यावर पांढरा थर धरतो, मग उष्णता नीट पोचत नाही आणि ६ वर ठेवलेलं मशीन ४ सारखं चालतं. बोअरच्या पाण्याने तर आठवड्याभरात थर दिसेल. थर आलाच तर एक भाग पांढरा व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी, दहा मिनिटं भिजवा, मग भरपूर धुवा. आणि सकाळी उरलेलं पाणी रोज ओतून टाका. त्यात वरून भर घालत राहिलात तर क्षार आणि बुरशी दोन्ही वाढतात.

दंतमंजन

दातांच्या बाजूने चार गोष्टी. व्यवसाय तोच आहे.

आतली पाकळी हिरडीवर टेकते. वरच्या ओठाच्या आत मधोमध एक बारीक दोरीसारखा पडदा असतो, तो जीभ लावली की कळतो. पाकळीची कड त्याच्यावर आली तर दोन रात्रींत तिथे फोड येतो. कडेला मधोमध खाच असेल तर ती बरोबर या पडद्यावर आली पाहिजे. खाच नसेल आणि घासत असेल तर लहान माप मागा. सिलिकॉन कात्रीने कापू नका. कापलेली कड धारदार राहते आणि मास्कची हवाबंदीही जाते.

पहिल्या आठवड्यात हिरडी थोडी हुळहुळी होणं समजू शकतो. पण सकाळी पांढरा चट्टा किंवा रक्त दिसलं तर दोन रात्री विश्रांती द्या आणि त्या दोन रात्रींत कोणता मास्क लावायचा ते डॉक्टरांना विचारून ठेवा. उपचार नुसता बंद ठेवू नका. वडिलांना रक्त पातळ होण्याच्या गोळ्या आहेत, त्यामुळे हिरडीतून रक्त येणं त्यांच्या बाबतीत अधिक गांभीर्याने घ्या.

कोरड्या तोंडात लाळेचं संरक्षण नसतं, दात झपाट्याने किडतात. झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश, थुंकून टाकायचं पण खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे पेस्टचा अंश दातांवर राहतो. त्यानंतर दूध, खडीसाखर, बडीशेप काही नाही. "घसा कोरडा पडतो" म्हणून रात्री उशाशी गोड लिंबूसरबत ठेवणारे असतात, ते तर अजिबात नको. साधं पाणी ठेवा.

कवळी असेल तर दंतवैद्याला मास्क नेऊन दाखवा. कवळी काढली की ओठ आत जातात आणि पाकळीला टेकायला आधारच उरत नाही.

मोगरा

ओठ फुटतात त्यावर साजूक तूप लावलं तर? आमच्याकडे सगळ्यावर तेच औषध.

दंतमंजन

मोगरा, सकाळी मास्क काढल्यावर खुशाल लावा, ओठांना चांगलंच आहे. रात्री नको. तुपाने ओठ निसरडे होतात, पाकळी सरकते आणि स्निग्धतेने सिलिकॉन हळूहळू फुगून ढिलं पडतं. व्हॅसलीनचंही तेच. रात्री लावायचंच तर पाण्यात विरघळणारं जेल, तेही पातळ थर.

भीमथडी

मिशांचं काय? ओठांवर बाहेरची पाकळी टेकते म्हणताय, मग भरघोस मिशीवाल्यांनी काय करायचं?

पिंपळपान

भीमथडीदादा, मिशी काढायची गरज नाही, वरच्या ओठाच्या लाल भागावर लोंबणारे केस कातरले की पुरे. हवा अडवायचं मुख्य काम आतली पाकळी करते, म्हणून मिशी-दाढीवाल्यांना हा मास्क नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कपेक्षा खरं तर सोयीचा. एकच करा, झोपताना मिशीला तेल नको.

गवतफूल

लाळेचा प्रश्न राहिला बघा रानजाईताईंचा.

तोंडात परकी वस्तू गेली की लाळग्रंथी तिला घास समजतात. पहिले काही दिवस उशी भिजते, मग तोंडाला कळतं आणि लाळ कमी होते. साधारण आठ-दहा दिवस धरा. दरम्यान कुशीवर झोपवा, उशीवर टॉवेल घाला. मास्क घालून गिळायचा सराव दिवसा करून घ्यावा. ओठ मिटायचे नाहीत, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला लावायचं आणि मागे ढकलत गिळायचं. ओठ मिटूनच गिळायची आपल्याला सवय असते, म्हणून सुरुवातीला ते जमत नाही. दहा-दहा वेळा सकाळ-संध्याकाळ केलं की जमतं.

गिळताना हवा पोटात जाते का तेही बघा. सकाळी पोट फुगलेलं, ढेकरा येत असतील तर ते सांगा. उशाकडून पलंग १५ सेंटीमीटर उचलला आणि उच्छ्वासाच्या वेळी दाब कमी करण्याची मशीनमधली सोय चालू केली की बऱ्याच जणांना फरक पडतो. दाब मात्र स्वतः बदलू नका.

अंबाघाट

आता नाकातून सुटणाऱ्या हवेबद्दल. या मास्कचा हा सगळ्यात मोठा तिढा आहे.

तोंडातली हवा नाकात जाऊ नये म्हणून पडजिभेचा मऊ टाळू वर उचलला जाऊन मागचं दार लावतो. चुलीत फुंकणीने फुंकताना नेमकं हेच होतं. सगळी हवा फुंकणीत जाते, नाकातून जराही येत नाही. तोंडाच्या मास्कला हेच दार बंद लागतं. जागेपणी ते जमतं. झोप लागली की टाळूचे स्नायू सैलावतात आणि दार उघडतं. म्हणून संध्याकाळी सगळं ठीक आणि मध्यरात्री गळती, असा प्रकार होतो.

घरच्या घरी तपासायचं असेल तर स्टीलची वाटी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. मास्क लावून माणूस झोपल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने ती वाटी उलटी करून नाकाखाली बोटभर अंतरावर धरा. थोडी वाफ धरून ती लगेच विरली तर काळजी नाही. वाटीवर गोल ठिपका सतत भिजलेला राहिला आणि हाताला झुळूक लागली तर गळती आहे. दोन्ही नाकपुड्यांखाली वेगवेगळी धरून बघा. वडिलांची उजवी बंद आहे म्हणजे जे सुटेल ते डावीतून.

उपाय म्हणून नाकाचा चिमटा किंवा मऊ बोळे देतात. पण त्याआधी पुढचं वाचा.

पिंपळपान

अंबाघाट, पुढचं मीच लिहितो, महत्त्वाचं आहे.

नाक पूर्ण बंद, तोंडात मास्क आणि वीज गेली तर माणसाने श्वास कुठून घ्यायचा? नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये दाब गेला की आपोआप उघडणारी सुरक्षा झडप असते. तोंडाच्या मास्कमध्ये ती आहे की नाही ते घेतानाच तपासा. नसेल तर नाक घट्ट बंद करायचं नाही. शिवाय बाहेर टाकलेली हवा मास्कच्या बारीक छिद्रांतून जाते आणि त्यासाठी दाब लागतो. ४ च्या खाली दाब गेला की तीच शिळी हवा पुन्हा आत यायला लागते.

म्हणून कापसाचे बोळे नकोत, ते आत सरकतात. चिकटपट्टी नको. झोपेत हात लागला तरी सुटेल असा हलका चिमटाच लावायचा, तोही डॉक्टरांना विचारून. ज्याला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही, किंवा रात्री उलटी होण्याची शक्यता असते, त्याला हा मास्क देऊच नये.

इन्व्हर्टरवाला

विजेचं गणित. गरम ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी चालू असेल तर मशीन साधारण ६० ते ९० वॉट घेतं. ती दोन्ही बंद असतील तर ३०-४० च्या आसपास किंवा कमीच. घरातली १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची म्हटली तरी ९०० वॉट-तास मिळतात. ८० वॉटने आठ तास म्हणजे ६४०. इन्व्हर्टरमध्ये जाणारी तूट धरून एक रात्र निघते, पण त्याच बॅटरीवर दोन पंखे असतील तर नाही. पंख्यांना वेगळी सोय करा. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच पाहिजे. स्वस्तातल्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर तापणारे भाग कुरकुर करतात.

वीज जाऊन इन्व्हर्टरवर येताना क्षणभर खंड पडला तर मशीन बंद होतं. श्वास घेतल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय बहुतेक मशीनमध्ये असते, ती चालू आहे ना बघा. तोंडाच्या मास्कवर ती दोनदा तपासून घ्या, कारण माणूस नाकाने श्वास घ्यायला लागला तर मशीनला तो जाणवतच नाही.

निशिगंध

हे शेवटचं वाक्य फार मोलाचं. कुठल्याच पत्रकात वाचलं नव्हतं.

तिमिर

थोडं अवांतर : वडिलांना किंवा त्यांच्या खोलीत झोपणाऱ्या कुणाला पेसमेकर आहे का? काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाची बटणं असतात. २०२२-२३ पासून कंपन्यांनी इशारा दिलाय की शरीरात पेसमेकर किंवा तत्सम यंत्र असेल तर असे चुंबक वापरू नयेत. साध्या खटक्याचे पट्टे मागा.

रानजाई

पेसमेकर नाही. आठवणीने लिहिलंत, आभार.

सगळ्यांचे प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवले. पायऱ्यांप्रमाणे नऊ दिवस झाले, गेल्या चार रात्री पूर्ण मास्कवर. मशीनवरचे आकडे : एएचआय ११, १३, ९, १४. गळती मिनिटाला ३०, ३४, २७, ३६ लिटर. ह्युमिडिफायर ६ वर, भांडं ३८० मिलिलिटरचं. रात्री अकराला भरलेलं असतं आणि पहाटे पाचच्या आधीच कोरडं ठणठणीत होतं. त्यानंतर घसा सुकून जाग येते. आकडा ५ करू का?

दवबिंदू

नको! आकडा कमी करू नका, भांडंच तुम्हाला काय बिघडलंय ते सांगतं आहे.

हिशेब बघा. १० च्या दाबावर मास्कच्या छिद्रांतून मिनिटाला सुमारे ३५ लिटर हवा जाते, ती जायलाच हवी. ह्युमिडिफायर दर लिटरमागे २० मिलिग्रॅम पाणी घालतो असं धरा. म्हणजे मिनिटाला ७०० मिलिग्रॅम, तासाला ४२ मिलिलिटर, आठ तासांत ३३६. भांड्यात ३८० मावतं, म्हणजे रात्र निघायला हवी. आता नाकातून आणखी २० लिटर सुटत असतील तर ३५ चे ५५ झाले. तासाला ६६ मिलिलिटर. ३८० भागिले ६६ म्हणजे पावणेसहा तास. अकराला लावलं तर पावणेपाचला भांडं कोरडं. तुमच्या वेळेशी तंतोतंत जुळतं.

भांडं रिकामं होतंय ते गळतीमुळे. गळती थांबवा, भांडं आपोआप पुरेल.

अंबाघाट

दवबिंदूंना दुजोरा. ३० च्या पुढची गळती म्हणजे एएचआयच्या आकड्यावरही पूर्ण विसंबता येत नाही. रेसमेड कंपनीच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटर ही मर्यादा धरतात, त्यावर मशीनला श्वासाची लहर नीट वाचता येत नाही. काही मशीन छिद्रांतली हवा धरून एकूण आकडा दाखवतात, त्यामुळे तुमचं मशीन कोणतं दाखवतं ते आधी बघा. शिवाय मशीनच्या यादीत "तोंडाचा मास्क" असा प्रकारच नसतो. पत्रकात सांगितलाय तो प्रकार निवडा आणि तो पुन्हा पुन्हा बदलू नका, म्हणजे कालचा आकडा आजच्याशी ताडता येईल.

वाटीची तपासणी केलीत का?

रानजाई

केली. डाव्या नाकपुडीखाली चांगला रुपयाएवढा ठिपका, पुसला तरी परत येतो. ओठांच्या कडेला काही नाही.

कस्तुरी

सुरुवातीपासून वाचते आहे. कान-नाक-घशाच्या विभागात काम करते, म्हणून मूळ प्रश्नाकडे परत येते.

सीपॅप जन्माला आलं ते नाकावाटे. सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली हा उपचार मांडला तो नाकाच्या मास्कवर, आणि त्यामागे कारण आहे. नाकातून दाब आला की मऊ टाळू आणि जीभ पुढे ढकलले जाऊन घशाची वाट उघडी राहते. तोंडातून दाब दिला की जिभेच्या पुढेही तेवढाच दाब आणि मागेही तेवढाच, त्यामुळे तो पुढे ढकलण्याचा फायदा राहत नाही. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला पुष्कळदा नाकाच्या मास्कपेक्षा जास्त दाब लागतो, त्यामागे हेही एक कारण मानतात. तुमचा १० हा दाब कोणत्या मास्कवर ठरवला होता? नाकाच्या मास्कवर ठरवला असेल तर तोंडाच्या मास्कवर तो पुन्हा ठरवायला हवा. एएचआय ३८ वरून ११-१२ वर आला हे चांगलंच आहे, पण लक्ष्य ५ च्या खाली असतं.

दुसरं, ऑपरेशन पुढे ढकललं म्हणजे नाकाचे सगळे उपाय थांबले असं नाही. वाकड्या हाडाच्या जोडीला आतली सूज असतेच आणि ती औषधाने उतरते. स्टेरॉइडचा नाकातला फवारा डॉक्टरांनी दिला तर तो रोज, निदान दोन-चार आठवडे नेटाने मारावा लागतो. नळी मधल्या पडद्याकडे नाही, त्याच बाजूच्या कानाकडे तिरकी धरायची, उजव्या नाकपुडीला डाव्या हाताने. रक्त पातळ असलेल्यांना हे फार महत्त्वाचं, पडद्यावर फवारा बसत राहिला तर घोळणा फुटतो. जलनेती करत असाल तर पाणी उकळून कोमट केलेलंच. आणि नाक पटकन मोकळं करणारे थेंब तीन ते पाच दिवसांच्या वर नकोत, त्यानंतर नाक त्यांच्यामुळेच चोंदतं.

चंद्रभागा

कस्तुरी, पण नाक मोकळं झालं तर तोंडाच्या मास्कवर नाकातून गळती अजून वाढेल ना?

कस्तुरी

वाढेल, बरोबर आहे तुमचं. म्हणूनच नाक मोकळं झालं की तोंडाच्या मास्कवर अडून बसायचं नाही. तेव्हा नाकाखाली टेकणारा फुल फेस (नाक-तोंड दोन्हींचा) मास्क बघायचा. त्याची गादी नाकावर चढत नाही, नाकपुड्यांच्या खालून आणि तोंडावर बसते. रेसमेडचा एअरफिट एफ३० या घडणीचा आहे. डोळ्यांसमोर काही येत नाही, चष्मा लावून वाचता येतं, त्यामुळे ज्यांना मोठ्या मास्कमध्ये घुसमटतं त्यांना तो बहुधा चालतो. नाकातून सुटणारी हवा त्याच गादीत अडते, चिमटा लागत नाही. एफ३० मध्ये चुंबक असतात, तिमिर यांनी लिहिलेलं लक्षात ठेवा.

तोंडाचा मास्क वाईट नाही. नाकाचं ऑपरेशन झाल्यावर बोळे भरलेले असतात तेव्हा, किंवा नाक खरोखरच निकामी असेल तेव्हा त्याच्यासारखा दुसरा नाही. पण डावी नाकपुडी चालू आहे आणि वाटी भिजते आहे, म्हणजे वडिलांचं नाक अजून कामाचं आहे.

गवतफूल

रानजाईताई, तोवर नऊ दिवसांत जमलेली सवय मोडू देऊ नका. नवीन मास्कलाही तीच उपयोगी पडेल.

रानजाई

दाब नाकाच्या मास्कवरच ठरवला होता, कागद काढून बघितला. हे कुणी विचारलंच नव्हतं. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सोबत काय न्यायचं?

पिंपळपान

मशीनमधलं कार्ड, चार रात्रींचे आकडे, दोन्ही मास्क, स्लीप स्टडीचा मूळ अहवाल आणि चालू गोळ्यांची यादी. वाटीचंही सांगा, कोणत्या नाकपुडीखाली आणि झोप लागून किती वेळाने. सोमवारपर्यंत भांड्यातलं पाणी रात्री तीनच्या सुमारास बघा. संपत आलं असेल तर मशीन थांबवून भांडं बाहेर काढून भरा, बसवलेल्या भांड्यात वरून ओतू नका, पाणी मोटरीत जातं.